ओसीटी या प्रकाशाने चित्र काढणाऱ्या तपासणीत डोळ्याच्या पडद्याचे थर दिसतात, मग एकेक पेशी का दिसत नाही? जिवंत माणसात ती पाहता येते का?

येते. १९९७ पासून येते आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज ओसीटी काढते, त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

१९९१ मध्ये जगासमोर आलेली ओसीटी खोलीच्या दिशेने अतिशय बारीक पाहते. आजची यंत्रं साधारण ५ मायक्रॉनपर्यंत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर वेगळे दाखवतात. आडव्या दिशेने मात्र १५-२० मायक्रॉनच्या आतलं सगळं एकमेकांत मिसळतं, आणि पडद्याच्या मध्यावरच्या शंकू पेशी, म्हणजे रंग ओळखणाऱ्या पेशी, जेमतेम २-३ मायक्रॉन रुंद असतात.

अडचण आपल्या डोळ्यातच आहे. पारपटल (डोळ्याचा समोरचा पारदर्शक थर) आणि भिंग यांच्यात चष्म्याने न जाणारे सूक्ष्म वाकडेपण असतात. बाहुली लहान असेल तर विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद जागेतून जाताना प्रकाश फाकल्यामुळे, चित्र पसरतं; थेंब घालून मोठी केली, तर हे दोष जास्त जाणवतात.

तोडगा आला खगोलशास्त्रातून. वातावरणामुळे ताऱ्यांची प्रतिमा विस्कटते, ती आकार बदलणाऱ्या आरशाने सावरावी, असं होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये सुचवलं होतं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात लिआंग, विल्यम्स आणि मिलर यांनी तेच डोळ्यासाठी केलं. पडद्यावर प्रकाशाचा बारीक ठिपका टाकायचा, परतणारी लहर किती वाकली ते मोजायचं आणि आरसा बरोबर उलटा वाकवायचा. यालाच अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. शंकू पेशी सुट्या दिसू लागल्या!

१९९९ मध्ये रूर्डा आणि विल्यम्स यांनी तर लाल, हिरवे, निळे शंकू वेगळे ओळखले. एका माणसात लाल-हिरव्यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं, दुसऱ्यात एका हिरव्यामागे जवळजवळ चार लाल. तरी दोघांचीही रंगदृष्टी उत्तम! म्हणजे ही तफावत मेंदू सांभाळून घेतो. मला या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो.

रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या, पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाणाऱ्या आजारात बरेच शंकू गेले तरी तक्त्यावरची अक्षरं वाचता येतात, त्यामुळे नवे उपचार तपासताना पेशी प्रत्यक्ष मोजता येणं मोलाचं आहे. पण एका चित्रात पडद्याचा साधारण एक अंश (कोनाचं माप) रुंदीचा भाग, म्हणजे जेमतेम ०.३ मिलिमीटर मावतो आणि डोळा सतत हलत असतो. म्हणून हे तंत्र अजून मुख्यतः संशोधनातच आहे. मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यावर आलेली सूज किती, उतरली की नाही, हे ठरवायला ओसीटी पुरते; घरच्या कुणासाठी विचारत असाल, तर या तपासणीच्या शोधात फिरू नका.