सातविणीचा रस आणि रक्ताची काच

प्रश्न : माझी आई सावंतवाडीकडची. दिव्यांच्या अवसेला ती आम्हा सगळ्यांना अनशापोटी सातविणीच्या सालीचा रस पाजते. गेल्या जूनमध्ये मला व्हायवॅक्स मलेरिया झाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. चौदा दिवसांच्या गोळ्या तशाच राहिल्या, कारण आई म्हणाली, आता रस पुरे. ऑक्टोबरात पुन्हा हुडहुडी भरली. चीनमधल्या बाईंना झाडपाल्यातून मलेरियाचं औषध काढल्याबद्दल नोबेल मिळालं. मग आमच्या सातविणीकडे कुणी का बघत नाही, ताई?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : बघितलंय हो, चांगलं निरखून बघितलंय. एकोणिसाव्या शतकात मनिलातल्या एका औषधविक्रेत्याने या सालीतून ‘डिटाइन’ काढलं आणि ते मलेरियावरच्या क्विनाइन या औषधाच्या तोडीचं आहे असा गाजावाजा झाला. तो टिकला नाही. पुढे प्रयोगशाळेत सालीतलं मुख्य द्रव्य, एकिटामिन, मलेरियाच्या परोपजीवीवर घालून पाहिलं, तर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. साल कडू आहे म्हणून ती क्विनाइनसारखी असेल, हा आपला जुना समज. कारलंही कडूच असतं.

आता तुमच्या तापाचं. माझी नोकरी मलेरियाच्या काचा, म्हणजे काचपट्टीवरचे रक्ताचे नमुने, बघण्यात गेली, म्हणून काचेवरूनच सांगते. व्हायवॅक्सचे काही परोपजीवी यकृतात झोपून राहतात. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने रक्तातले मेले, ताप गेला, आणि तुम्ही त्याच वेळी रस घेत होतात म्हणून श्रेय रसाला मिळालं. यकृतातले मारायला प्रायमाक्विन लागतं, त्याच त्या चौदा दिवसांच्या गोळ्या. त्या राहिल्या आणि झोपलेले उठले. ऑक्टोबरातला ताप बहुधा हाच. बहुधा म्हणते, कारण परोपजीवी जुना की नव्या डासाने दिलेला, हे काच सांगत नाही. आमच्याकडे असे ‘परत आलेले’ पुष्कळ यायचे. ‘ताप नव्हता, मग गोळ्या कशाला?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की नावनोंदणीच्या वहीत त्याचा शिक्काच करून घ्यावा असं वाटायचं. या वेळी मात्र त्या गोळ्या पुऱ्या करा, आणि आधी डॉक्टरांना जीसिक्सपीडी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करू का ते विचारा. ज्यांच्यात ते विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. गरोदर बाईला तर हे देतच नाहीत.

नोबेलची गोष्ट मला फार आवडते, कारण तीत एक गंमत आहे. १९६७ साली चीनमध्ये मलेरियाच्या औषधासाठी गुप्त प्रकल्प सुरू झाला. तुम्ही म्हणता त्या बाई, तू यूयू, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नुसख्यांमधून शेकडो अर्क करून पाहिले. छिंगहाव या वनस्पतीचा अर्क कधी चालायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं : मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळा आणि तो रस प्या. उकळा असं त्याने म्हटलेलंच नव्हतं! उष्णतेने द्रव्य मरत असावं, असं धरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं इथर वापरलं. १९७१च्या ऑक्टोबरात १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले सगळे परोपजीवी संपवले. पुढच्या वर्षी बाईंनी आणि सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेऊन पाहिला. नोबेल मिळालं २०१५ मध्ये. शिवाय छिंगहाव या नावाखाली दोन वनस्पती चालायच्या आणि औषध पुरेसं होतं एकीतच. आपल्याकडे किराईत मागितलं तर एक दुकानदार पाला देतो, दुसरा काड्या. दोन्ही निराळी झाडं, तसंच ते.

आता कुणी लगेच छिंगहावचा चहा करायला घेऊ नये. पाल्यात औषध किती उतरेल याचा नेम नसतो, आणि अर्धवट मात्रेने औषधाला दाद न देणारे परोपजीवी तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही तो चहा नको म्हणून सांगितलंय.

आणि आपल्या मातीला काहीच यश नाही असंही नाही. माझी आई आव झाली की कुड्याची साल ताकात उगाळून द्यायची. पणजीत ज्यांच्या नावाची बाग आहे, त्या गार्सिया द ऑर्तांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात आवेवरच्या एका मलबारी झाडाचं वर्णन केलंय. अभ्यासक म्हणतात, तो हाच कुडा. त्यातलं कोनेसिन हे द्रव्य आवेच्या अमीबाला खरंच मारतं. विसाव्या शतकात डॉक्टर ते देतही होते. पण रोग्याची झोप उडे, डोकं भणभणे, म्हणून मेट्रोनिडाझोल हे नवं औषध आल्यावर ते मागे पडलं.

अवसेचा रस आईच्या समाधानासाठी घ्यायचाच असेल तर घोटभर घ्या, पण साल कोण आणतो ते बघा. सातविणीला खाच मारली की पांढरा चीक येतो आणि पानं एका ठिकाणी झुपक्याने, सहा-सात असतात. तिच्या जागी चुकून काजऱ्याची साल येऊ शकते. काजऱ्याला चीक नाही, पानं समोरासमोर दोन-दोन. त्याच्या सालीत स्ट्रिक्नीन हे विष असतं. झटके येऊन माणूस जातो.

प्रश्न : काजूच्या बागेत जाताना माकडतापासाठी कुठला पाला अंगाला चोळावा?
— एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : पाल्यावर राहू नका. माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि २०१५ मध्ये आपल्या सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली. त्यावर नेमकं औषध ना झाडात आहे, ना कारखान्यात. तो गोचिडीतून येतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळणारं तेल उघड्या अंगाला, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. कपडे बाहेरच काढा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्रात कळवा.