एमडी ॲनाटॉमी (शरीररचनाशास्त्र) केल्यावर पेशीविज्ञान शिकवायला मिळतं, की आयुष्यभर नुसतं डिसेक्शनच?

मिळतं. आपल्याकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी हिस्टॉलॉजी (ऊतींची सूक्ष्म रचना), भ्रूणशास्त्र आणि जनुकशास्त्राची तोंडओळख ॲनाटॉमी विभागच शिकवतो. सकाळी फॉर्मॅलिनच्या वासात डोळे चुरचुरत मृतदेहाचे हात-पाय उलगडायचे, दुपारी सूक्ष्मदर्शकाशी बसायचं. गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर जठर की ग्रहणी (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), यात मुलं हमखास अडकतात. सबम्युकोसात, म्हणजे आतल्या अस्तराखालच्या थरात, ब्रुनरच्या ग्रंथी दाखवल्या की ग्रहणी ओळखू येते. शिकवायला मजा येते ती इथेच (हे माझं मत, डिसेक्शनवाले भांडतील). मात्र हे पेशीविज्ञान मुख्यतः स्लाइडवरचं. पेशी वाढवून त्यांच्यावर प्रयोग करायचे असतील तर पीएचडी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेचा रस्ता धरा.