सोलापुरात एम.ए. मानसशास्त्र झालंय, क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी.साठी अर्ज कसा करू?

तुम्ही लिहिलंय : एम.ए.ला 58 टक्के आहेत, पीएच.डी. करायची आणि मग सात रस्त्याला स्वतःचं क्लिनिक काढायचं. यातल्या ‘आणि मग’वर मी थांबले, कारण एम.ए. झाल्यावर माझीही तिथंच फसगत झाली होती.

पीएच.डी.नं नावाआधी ‘डॉ.’ लागतं, पेशंट बघायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या (सगळे आरसीआयच म्हणतात) रजिस्टरमध्ये नाव लागतं, आणि परिषदेनं मान्य केलेलं, देखरेखीखालचं प्रशिक्षण झाल्याशिवाय ते लागत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ याच हिशेबानं ठरवतो. आजवरचा रस्ता म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. : बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी वगैरे मानसिक आरोग्याच्या संस्थांमधलं. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2022 च्या नियमांत एम.फिल. बंद केलं, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली. म्हणून कुणी ‘सीट आहे, ॲडव्हान्स भरा’ म्हणालं की आधी परिषदेच्या यादीत संस्था, कोर्स आणि प्रवेशाचं वर्ष, तिन्ही बघा. साय.डी. या व्यावसायिक डॉक्टरेटलाही तेच. माझ्या एका मैत्रिणीनं कुठल्याशा ‘थेरपिस्ट’ कोर्सला ऐंशी हजार घातले. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर आहे, नोंदणी नाही.

तेव्हा क्लिनिकच काढायचं असेल तर आधी हे प्रशिक्षण, पीएच.डी. नंतर. मी तसंच केलं, पण एकदा तोंडावर पडून.

संशोधनच करायचं असेल तर तुमचे 58 टक्के चालतात, अट 55 ची आहे. 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेश मिळतो. जेआरएफ (नेटमधूनच मिळणारी संशोधन फेलोशिप) नसेल तर नेटला 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ बसली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये. नाही बसली तर प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

आता सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा. लोक फॉर्म, फोटो, जातपडताळणी यांत महिना घालवतात आणि सिनॉप्सिस आदल्या रात्री लिहितात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं नाव होतं ‘सोलापूर जिल्ह्यातील महिलांचे मानसिक आरोग्य : एक अभ्यास’. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, “कुठल्या महिला? आणि मोजणार कशानं?” मी म्हटलं, “प्रश्नावलीनं.” “कुठल्या?” पुढं मला काही सुचेना. सहा मिनिटांत बाहेर.

विषय नंतर मिळाला, तोही पूर्व भागात, एका विडी कामगार बाईंच्या ओट्यावर. मी पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजायची प्रश्नावली घेऊन गेले होते. नऊच प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बाई मांडीवर सूप घेऊन पानं कातरत होत्या. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. “उदास, निराश वाटलं का?” म्हटलं, तर कात्री न थांबवता म्हणाल्या, “उदास व्हायला टाइम कुठाय बाई?” मी शून्य मांडला. कागद आवरत होते तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, “पयलं हजार व्हायच्या ओ, आता सातशेला हात थांबतोय. रात्री डोळा पण लागंना.”

सातशे विड्यांचा तो आकडा माझ्या कागदावर कुठंच बसत नव्हता. झोपेचा प्रश्न त्यात आहे, थकव्याचाही आहे, पण त्या प्रश्नांना त्यांनी आधी “बरं हाय” म्हणून सोडून दिलं होतं. मग माझा प्रश्न बारीक झाला : हातावर पोट असलेल्या बाईचं नैराश्य ‘उदास’ या शब्दाला सापडतं का, की कामाचा आकडा विचारला तर लवकर सापडतं? यात कोण, कुठं, कशानं मोजायचं, सगळं आलं. सिनॉप्सिस सहा पानांचा झाला, पहिला बावीस पानांचा होता.

तुम्हाला कन्नड किंवा तेलुगू येत असेल तर अर्जात ठळक लिहा. आपल्या गावात ते कुणाला विशेष वाटत नाही, पण प्रश्नावलीचं भाषांतर, मग उलट (परत मूळ भाषेत) भाषांतर करताना ही भाषाच कामाला येते.

गाइडला अर्जाआधी मेल करा. नियमानं प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी असू शकतात, म्हणून ‘जागा आहे का’ हे पहिल्याच ओळीत विचारा. तीन मेलना उत्तर येणार नाही, ते मनावर घेऊ नका. माझ्या गाइडनी चौथ्या मेलला दोनच शब्द लिहिले होते : “प्रश्नावली पाठवा.”