जुन्या यामाहा आर१५ मोटरसायकलचा क्लच जड आणि मनगट दुखतंय? प्लेटा बदलण्याआधी हे करून बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: २०१२ची आर१५ व्ही२, कासारवडवली ते महापे रोजचं जाणं-येणं, क्लच खूप जड झालाय, कळवा नाक्यापर्यंत डावं मनगट भरून येतं आणि करंगळीला मुंग्या येतात. मेकॅनिक म्हणतो क्लच प्लेटा बदला. शिवाय हँडल उंच करायला रायझर लावायचा तुमचा विचार आहे.

दोन्ही कामं आत्ता थांबवा. प्लेटा झिजल्या की क्लच घसरतो, जड होत नाही. घसरायला लागला की ॲक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतात पण गाडी त्या मानाने ओढत नाही, गायमुखच्या चढावर तर लगेच कळतं. तुम्ही तसं काहीच लिहिलेलं नाही. क्लच जड व्हायचं कारण बहुतेक वेळा लिव्हरपासून इंजिनापर्यंतच्या वाटेतच सापडतं, आणि ते घरी खाली पार्किंगमध्ये शोधता येतं.

इंजिन बंद करा. लिव्हरकडचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा, त्याची आणि लॉकनटची खाच एका रेषेत आणा आणि क्लचची वायर (केबल) लिव्हरमधून सोडवा. आता नुसता लिव्हर हलवा. एका बोटाने सहज फिरला पाहिजे. अडकत असेल तर त्याचा पिव्हट बोल्ट (ज्याभोवती लिव्हर फिरतो तो) काढा, जुनं काळं ग्रीस आणि धूळ पुसा, नवीन ग्रीस लावा आणि बोल्ट बेताने कसा. तो नको तितका आवळलेला असला तरी लिव्हर जड होतो. मग वायर इंजिनाकडूनही सोडवा आणि आतली तार दोन्ही टोकांनी हळूहळू ओढून बघा. खरखर लागली, मध्येच अडली, की वायर संपली. शेवटी इंजिनाकडचा आर्म (वायर ज्याला ओढते तो दांडा) हाताने हलवा: थोडी मोकळी चाल, मग आतल्या स्प्रिंगचा दाब, आणि सोडल्यावर न रेंगाळता परत. हे तिन्ही वेगवेगळं तपासल्याशिवाय कशावरही पैसे घालू नका.

वायरीच्या लिव्हरकडच्या टोकाला जी धातूची गोळी असते, तिच्याकडे उजेडात नीट बघा. ही गोळी लिव्हरच्या भोकात फिरायला हवी. ती गंजून घट्ट बसली की प्रत्येक वेळी क्लच दाबताना गोळीऐवजी तार वाकते, आणि अगदी मुळाशी एकेक बारीक तार तुटत जाते. तिथे दोन-तीन तुटलेली टोकं उभी दिसली तर वायर त्याच दिवशी बदला. ती तुटायची ती ऐन माजिवड्याच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये तुटते.

नवी वायर कंपनीचीच घ्या आणि जुनी जशी गेली होती तशीच ओवून घ्या. फेअरिंग (पुढचं प्लास्टिकचं आवरण) उघडून बसवताना वायरीला हँडलच्या मुळाशी तीव्र बाक दिला जातो किंवा ती केबल टायने करकचून बांधली जाते; मग नवी वायरही जड लागते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठेही ताण किंवा घडी नको. आपल्याकडच्या पावसासाठी एक छोटी गोष्ट: ॲडजस्टरची खाच वर राहिली तर पाणी सरळ वायरीत उतरतं, म्हणून सेटिंग झाल्यावर खाच खाली येईल असं बघा.

लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमी मोकळी चाल ठेवा. क्लच हलका वाटावा म्हणून चाल शून्यावर आणू नका, त्यानेच प्लेटा घसरून जळतात.

गाडी उचलताना थरथरत असेल किंवा क्लच एकदम धरत असेल तर प्रश्न वेगळा. तेव्हा इंजिनाचं साइड कव्हर उघडून बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या) बोटांवर प्लेटांनी खाचा पाडल्यात का बघायचं. नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवलेल्या हव्यात. ऑइल जासो (मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचंच, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं. कारचं ऑइल या ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच चालणाऱ्या, क्लचला चालत नाही. आणि कडक स्प्रिंगा कोणी सुचवल्या तर सरळ नाही म्हणा, त्यांनी क्लच आणखी जड होईल. २०१८च्या व्ही३ला असिस्ट क्लच (दाबायला हलका) आहे, त्यामुळे मित्राची व्ही३ चालवून तुलना केलीत तर तुमचा क्लच थोडा जड वाटणारच.

आता मनगटाचं. नेहमीसारखे बसा, बोटं सरळ करून लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत यायला हवा. मनगट वर मोडत असेल तर लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर खाली फिरवा. आर१५सारख्या क्लिप-ऑनवर (खाली बसवलेलं दोन तुकड्यांचं हँडल) हा बदल फार जाणवतो आणि खर्च काहीच नाही. बाजारातले दोन बोटांचे आखूड लिव्हर घेऊ नका: पिव्हटजवळून ओढायला जोर जास्त लागतो. चारही बोटांनी, टोकाकडून दाबा. विटाव्याच्या पुलाखाली रांग थांबली की न्यूट्रल, क्लच धरून उभं राहायचं नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात कारण अंगाचा भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर पडतो आणि तिथली नस दबते. गुडघ्यांनी टाकी धरा, पोटाचे स्नायू वापरा, कोपरं सैल सोडा. सीट गुळगुळीत होऊन तुम्ही पुढे घसरत असाल तर टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड लावा आणि सीटचं कव्हर बदला. पॅडने मला स्वतःला जेवढा आराम मिळाला तेवढा कशानेच नाही. जाड ग्रिप टाळा, मूठ जास्त आवळावी लागते. गाडी सोडल्यावरही मुंग्या राहत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवाच, त्यात चालढकल नको.

एवढं करून रायझर हवेच वाटले तर क्लचची वायर, पुढच्या ब्रेकचा होज आणि वायरिंग पूर्ण वळणावर पुरतंय का, हँडल टाकीला किंवा फेअरिंगला लागतंय का, हे बसवण्याआधी तपासून घ्या.

आधी वायर सोडवून बघा आणि लिव्हर, वायर, आर्म यातलं नेमकं काय अडतंय ते इथे लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.