वाचकांचे प्रश्न : रोबो आला, आता वेल्डरचे काय?

प्रश्न : मी इंदूरला राहतो आणि पीथमपूरच्या एका कारखान्यात १८ वर्षे वेल्डर आहे. दिवाळीनंतर आमच्या लाइनवर दोन रोबो बसले. अजून कोणाला काढलेले नाही, तरी धास्ती वाटते. मुलगा आयटीआयमध्ये वेल्डिंगच शिकतो. तो नव्या काळातला, म्हणून त्याची काळजी नाही. माझी धास्ती रास्त आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : धास्ती रास्त आहे; परंतु ती आपण स्वतःपेक्षा मुलासाठी अधिक बाळगावी, असे आमचे मत आहे.

१९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्यासाठी पहिला औद्योगिक रोबो बसला, तेव्हापासून हा प्रश्न विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर देशागणिक निराळे निघाले आहे. असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांना अमेरिकेत १९९० ते २००७ या काळात असे आढळले, की जेथे रोबो अधिक आले तेथे रोजगार आणि मजुरी दोन्ही घटली. जर्मनीत १९९४ ते २०१४ या काळात कारखान्यांतील जागा कमी झाल्या, पण सेवाक्षेत्राने ती तूट भरून काढली. शिवाय आधीपासून कामावर असलेले लोक बहुतांशी त्याच कंपनीत, वेगळ्या कामावर, टिकून राहिले. कात्री लागली ती नव्या भरतीला, म्हणजे आपल्या मुलाच्या वयाच्या उमेदवारांना. अर्थात जर्मन कामगारामागे बळकट संघटना असते. आपण कायम आहात की ठेकेदाराकडून आलेले आहात हे पत्रात नाही, आणि आपल्या बाबतीत रोबोपेक्षा तोच मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. नोकरी इतर कारणांनीही जाते : इंदूरची हुकुमचंद कापड गिरणी १९९१ मध्ये बंद पडली ती काही रोबोमुळे नव्हे, आणि तिच्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला.

आता आपल्या हातातल्या कामाविषयी. साधा वेल्डिंग रोबो शिकवलेल्या मार्गानेच फिरतो. पत्रा वाकडा आला किंवा तो धरून ठेवणारे फिक्स्चर झिजले, तरी तो जुन्याच जागी टाका मारतो आणि जोड कच्चा राहतो. तो कच्चेपणा नजरेने ओळखणे, करंट आणि वायरचा वेग जुळवणे, बिघडलेला जॉब, म्हणजे जोडायचा भाग, हाताने दुरुस्त करणे हे आपण १८ वर्षे करत आला आहात. म्हणून रोबोला मार्ग शिकवण्याचे, म्हणजे टीच पेंडंट (हातात धरून रोबो चालवण्याचे बटणांचे यंत्र) हाताळण्याचे, प्रशिक्षण सुपरवायझरकडे आजच मागावे. वेल्डिंग न जाणणाऱ्या तरुण इंजिनिअरपेक्षा आपण ते लवकर आत्मसात कराल.

मुलाने वेल्डिंग सोडू नये, पण एकाच तऱ्हेचा जॉब दिवसभर जोडण्याच्या नोकरीवर विसंबूनही राहू नये. पाइपलाइन, बॉयलरची दुरुस्ती, साइटवरील फॅब्रिकेशन अशा कामांत प्रत्येक जोड निराळा असतो, आणि तेथे रोबो नेणे अजून परवडत नाही.