पाऊस काळा कसा?

प्रश्न : मुलानं पुण्याहून एका जपानी चित्राची छापील प्रत फ्रेम करून आणली. निळी नदी, लाकडी पूल, छत्र्या सावरत पळणारी माणसं आणि सगळ्या चित्रभर काळ्या बारीक रेघा. मागे 'हिरोशिगे, १८५७' असं लिहिलंय. मूळ चित्र लाकडी ठशांनी छापलेलं म्हणे. लाकडात इतकी बारीक रेघ कोरता येते? आणि पाऊस असा रेघारेघांचा, तोही काळा दिसतो का हो?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दुसरा प्रश्न मागून घेतो. पहिला माझ्या धंद्यातला. साखर पेठेत तीस वर्षं लग्नपत्रिका छापल्यात मी.

रेघ कोरलेली नाहीच. ठशाचा उंच भाग तेवढा छापतो. म्हणजे आजूबाजूचं सगळं लाकूड काढायचं आणि दोन वावरांमध्ये बांध राखावा तशी रेघ राखायची. त्यासाठी चेरीचं घट्ट लाकूड. हिरोशिगेनं फक्त चित्र काढलं. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. रेघा नीट बघा, दोन दिशांनी तिरप्या आहेत, जरा वेगवेगळ्या. पावसालाच दोन ठसे! म्हणून तो हलल्यासारखा वाटतो.

बरं, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि कागद दरवेळी त्याच जागी बसायला हवा. त्यासाठी ठशावरच दोन खाचा ठेवत, एक कोपऱ्याला, एक कडेला. याला आम्ही रजिस्टर म्हणतो. माझं एकदा हललं आणि पाचशे पत्रिकांवर गणपतीचा लाल रंग सोंडेबाहेर गेला. मुलीच्या वडिलांनी एकही पत्रिका घेतली नाही; सगळ्या पदरच्या पैशानं पुन्हा छापल्या. त्या जपानी छापणाऱ्यांकडं तर मशीनही नव्हतं. ठशावर कागद टाकायचा आणि पाठीवरून हातानं चकती घासायची.

वरचा काळा ढग खाली विरत जातो ना, तिथं ठशात काही कोरलेलं नाही. ओल्या लाकडावर शाई ब्रशनं फिकी करत आणायची, प्रत्येक प्रतीला नव्यानं. त्यामुळं दोन प्रतींचे ढग तंतोतंत सारखे निघत नाहीत.

आता तुमचा पाऊस. वळीव आला की सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभे राहा. मोकळ्या आभाळाकडं बघून काही कळत नाही. किल्ल्याच्या भिंतीकडं बघा, रेघा दिसतील. फक्त पांढुरक्या. हिरोशिगेनं त्या काळ्या केल्या, कारण रेघांमागं फिकट आभाळ आणि नदी आहे. पांढऱ्या रेघा तिथं हरवल्या असत्या. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये याच चित्राची तैलरंगात नक्कल केली. ती रंगानं भारी आहे, पण पाऊस मला ठशांचाच आवडतो.

आणखी एक. पुलावरच्या गर्दीत अडकू नका, मागं नदीत बघा. एकटा माणूस ओंडक्यांचा तराफा ढकलतोय. आपल्याकडं घोंगड्याची खोळ घेतात, तसं त्याच्या अंगावर गवताचं इरलं आहे. तो पळत नाही.