वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर भाकरीच्या घरात जेवायचं कसं?

प्रश्न असा होता: वय ३३, कराडजवळच्या गावात एकत्र कुटुंब, घरचा स्वयंपाक माझ्याच हातात. सहा आठवड्यांनी स्लीव्हचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी आहाराचा तक्ता दिलाय, पण त्यात आमच्या घरात शिजणारं काहीच दिसत नाही. नंतर खायचं काय, आणि घरात-पाहुण्यांत निभावायचं कसं?

ताई, माझं हेच ऑपरेशन होऊन अडीच वर्षं झाली. मी साताऱ्यात राहते, पतसंस्थेत काउंटरला बसते, वय ४१. उंची पाच फूट एक इंच आणि ऑपरेशनच्या दिवशी वजन ११२ किलो. सगळ्यात खाली गेलं तेव्हा ७४ होतं, आज ७७ आहे. ते तीन किलो कुठून आले तेही सांगते. मी डॉक्टर नाही. माझं सांगणं आणि तुमच्या डॉक्टरांचा कागद जुळला नाही, तर कागद खरा.

तो तक्ता पदार्थांचा म्हणून वाचू नका, दाटपणाचा म्हणून वाचा. मलाही हे उशिराच कळलं. पाण्यासारखं, मग ताकासारखं, मग पिठल्यासारखं, मग मऊ भातासारखं, आणि शेवटी भाकरी. एवढ्याच पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर बसणारं काही ना काही आपल्या चुलीवर आधीपासून आहे.

स्लीव्हमध्ये पोटाच्या पिशवीचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी नळी. तिला लांबलचक टाके असतात आणि ते भरून येईपर्यंत तिच्यावर ताण द्यायचा नसतो, म्हणून या पायऱ्या. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळं पहिले काही महिने भूक फारशी लागतच नाही. हे सुख वाटतं, पण त्यातच धोका आहे. भूक नाही म्हणून बाई दिवसभर काही घेत नाही आणि चौथ्या दिवशी चक्कर येऊन पडते.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे मला भात, भाकरी, साखर जवळजवळ बंद होती. यकृतावरची चरबी उतरली की ते आकसतं आणि दुर्बिणीला वाट मिळते, असं सर्जननी समजावलं. मी काय केलं, तर तक्ता सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात ‘आता परत कुठं मिळायचं’ म्हणत राजवाड्यावरची भेळ झाली, मोती चौकातले कंदी पेढे झाले, घरी दोनदा मटण झालं. दोन किलो वाढवून मग पथ्याला बसले. तुम्हीही करालच, सगळेच करतात. फक्त तक्ता सुरू झाल्यावर नको.

दवाखान्यात त्याच संध्याकाळी उठवून चालवलं. श्वास ओढून आतले तीन छोटे चेंडू वर उचलायचं एक खेळणं देतात, ते कंटाळा न करता ओढत राहा. दुसऱ्या दिवसापासून ३० मिलीच्या औषधाच्या टोपणानं पाणी, दर पंधरा मिनिटांनी एक टोपण. घरी आल्यावर गाळलेलं ताक, मुगाच्या डाळीचं वरचं पाणी, शहाळं. दुसऱ्या आठवड्यात दूध, पातळ कढण, प्रोटीन पावडर. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, तो टोपणांचा हिशेब बघून म्हणाल्या, “ही काय बाळंतीण हाय का, वाटीवाटीनं घालायला?” आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपण होऊन हुलग्याचं कढण केलं. बाळंतिणीला करतात तसं, पण गूळ न घालता आणि दोनदा गाळून. डाएटिशियनला फोन करून विचारलं, तर तिला हुलगा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. कुळीथ म्हटल्यावर कळलं. गॅस होत नसेल तर थोडंथोडं घ्या म्हणाली. त्या दिवसापासून माझा तक्ता आत्यांच्या ताब्यात गेला. तुमच्या घरात जी म्हातारी बाळंतपणं निस्तरलेली असेल तिला हा कागद वाचून दाखवा. डॉक्टरांनी समजावलेलं तिला लवकर कळेल, आणि तिनं समजावलेलं घरातल्या बाकीच्यांना.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं मिक्सरमधून: मऊ वरण, दही, कुस्करलेलं पनीर, अंडं चालत असेल तर अगदी मऊ अंडं. पाचव्या-सहाव्यात उडदाचं घुटं, पातळ पिठलं, मऊ शिजवलेला दोडका, दुधी. तिखट नाही, फोडणी नावाला. भाकरी मला आठव्या आठवड्यात मिळाली, ती पण पापुद्र्याचा तुकडा दुधात भिजवून.

आता भाकरीचंच बोलू, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गाठ तीच आहे. आपल्याकडं भाकरी म्हणजे जेवण आणि कालवण हे तोंडीलावणं. दोन भाकऱ्या खाल्ल्या म्हणजे पोटभर जेवला, मग सोबत आमटी असो नाहीतर नुसता खर्डा. नव्या पोटाला हे चालत नाही. तिथं जागाच अर्ध्या-पाऊण वाटीची, आणि दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, नाहीतर चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं. म्हणून आधी डाळ-उसळ, पनीर, अंडं, मासा-चिकन जे चालतं ते, मग भाजी, आणि उरलीच जागा तर भाकरी. कालवणाला भाकरी तोंडी लावायची. हे वाक्य मी पहिल्यांदा घरात बोलले तेव्हा सासरे हसले होते. पण ताटातली भाकरी मधून उचलून कडेला, चटणीच्या जागी ठेवायला मला स्वतःलाच वर्ष लागलं.

साठ ग्रॅम म्हणजे किती? एका अंड्यात साधारण ६, पाव लिटर दुधात ८, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये ९, शिजलेल्या डाळीच्या वाटीत जेमतेम ६-७. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल तर पहिले काही महिने पावडरीशिवाय हा आकडा गाठणं अवघड आहे. त्यात कमीपणा मानू नका. मी पावडर ताकात घुसळायची, दुधातली गोडूस चव नकोशी झाली होती.

पाणी जेवताना नाही. अर्धा तास आधी थांबायचं, अर्ध्या तासानं सुरू करायचं. ताटाशेजारचा तांब्या उचलून ठेवा, नाहीतर हात आपोआप जातो. जेवणाशेवटी ताक, आमटी भुरकणं, सगळं गेलं. दिवसभरात दीड-दोन लिटर मात्र घोटाघोटानं गेलंच पाहिजे.

आणि वेळ. एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, अर्धी वाटी संपायला वीस मिनिटं. आपल्यासारख्या बायकांना ही मुभा कुठं असते? सगळ्यांची पानं उठल्यावर आपण बसायचं, पातेल्याच्या तळाला राहिलेलं संपवायचं, टाकायला नको म्हणून पोरांच्या ताटातला घासही आपणच. माझं निम्मं वजन त्या उरल्यासुरल्याचं होतं असं मला आजही वाटतं. ऑपरेशननंतर मी साडेबाराला, सगळ्यांच्या आधी, एकटी जेवायला लागले. पहिले पंधरा दिवस मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जाऊबाई एकदा बोलल्याच, “बरं हाय तुमचं.” मी काही बोलले नाही, पण वेळही बदलली नाही. उरलेलं आता डब्यात जातं नाहीतर म्हशीला. तुमच्याकडं जनावरं असतील तर हा प्रश्न तिथंच सुटला. स्वयंपाक करताना चाखणं हे दुसरं. मिठाचा अंदाज जावेला किंवा पोरीला बघायला सांगा. अर्धा चमचा आमटी, एखादा वडा, असं करत ओट्याजवळच आपलं पोट भरतं आणि ताटातलं पनीर तसंच राहतं.

माझी फजिती सांगते. नवव्या आठवड्यात वन्संच्या घरी वास्तुशांत. पंगत भराभर चालली होती, मीही गप्पांच्या नादात दोन घास न चावता गिळले. छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं झालं, तोंडाला पाणी सुटलं, आणि मागच्या दारी जाऊन नुसता फेस उलटला. बायका धावल्या. कुणी लिंबूपाणी देतंय, कुणी सोडा, कुणी पाठीत धपाटे घालतंय. अशा वेळी वरून काहीही प्यायचं नाही. उभं राहून हळूहळू चालायचं, ते आपोआप सरकतं किंवा बाहेर येतं. पेढ्याचंही एकदा असंच. अर्धा कंदी पेढा खाल्ला आणि वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा. त्याला डम्पिंग म्हणतात. पोटाचं बायपास केलेल्यांना जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं.

पाहुण्यांत आग्रहाचं काय करायचं? ‘पथ्य आहे’ म्हणून भागत नाही, ‘एक घासानं काय होतंय’ हे ठरलेलंच. मी एक युक्ती काढली: यात्रा, बेंदूर, लग्न, कुठंही गेलं की पदर खोचून वाढायला लागायचं. वाढणारीच्या ताटाकडं कुणी बघत नाही. आणि पर्समध्ये पनीरची छोटी डबी. ऑपरेशन झालंय हे कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी भावकीत पोटाचं ऑपरेशन एवढंच सांगितलं. सहा महिन्यांनी त्याच बायका ‘किती वाळलीस, शुगर आहे का’ विचारायला लागल्या.

उपवास धरत असाल तर दिवसभर उपाशी राहून चंद्र उगवायची वाट बघणं आता विसरा. पाणी तर कधीच तोडायचं नाही. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा. मी संकष्टीला दूध-दही-पनीरवर राहते. देवाची तक्रार आलेली नाही.

गोळ्या जन्मभर. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी-१२, लोह, जे लिहून देतील ते. कॅल्शियम आणि लोह एकत्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको. रक्ततपासणी चुकवू नका. शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा डोस झपाट्यानं कमी करावा लागू शकतो. ते डॉक्टर करतील, आपण नाही. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका. आणि तुमचं वय बघता सांगते, ऑपरेशननंतरचे बारा ते अठरा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. त्याबद्दल आधीच बोलून घ्या.

केस चौथ्या महिन्यात मूठमूठ गळाले. मी रडले. दहाव्या महिन्याच्या सुमाराला कपाळावर नवी लव दिसायला लागली. तिसऱ्या आठवड्यात वजनाचा काटा अडकतो, बहुतेकांचा अडकतो, तेव्हा काटा कपाटावर टाका.

यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही: ताप, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, धाप, पोटरीला सूज, पाणीसुद्धा न टिकणं. ओवा-हिंग करत बसू नका, सरळ ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात. उलट्या चालूच राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपून नसांवर परिणाम होतो, म्हणून त्याही अंगावर काढायच्या नाहीत.

चालणं पहिल्या दिवसापासून, पण हंडा, सिलिंडर, धुण्याची बादली डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. मला सहा आठवडे बंदी होती. आधी घरातल्या घरात, मग गल्ली, मग आमच्याकडचं ‘चार भिंती’ स्मारक. पाचव्या महिन्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला लागले. पहिल्या दिवशी निम्म्यातून परत आले आणि माझ्या दुप्पट वयाचे एक आजोबा वर जाऊन खालीही आले होते. आता आठवड्यातून चारदा दरवाज्यापर्यंत जाते.

ते तीन किलो. ते जेवणातून आले नाहीत. चिवडा, शेव, भडंग असलं कुरकुरीत चावलं की त्याची भुकटी होते, नळीतून सरकून जाते, पोट भरल्याचं कळतच नाही. पतसंस्थेत मार्चअखेरीला टेबलावर भडंगाचा पुडा उघडा असायचा. अर्धी वाटी डाळ संपवायला वीस मिनिटं लागणारी बाई पुडा दहा मिनिटांत रिकामा करू शकते, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या वर्षी भूक थोडी परत येते, तेव्हा यावर लक्ष ठेवा.

तयारीला एवढं आणून ठेवा: दोन छोट्या वाट्या, एक चहाचा चमचा, बारीक गाळणी, आणि ३० मिलीची मापाची टोपणं दोन-तीन. एक तरी हरवतंच.